वस्ताद, पी.टी.चे सर आणि कोच

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पाऊस, मग आळस. असो.

गेल्या आठवड्यात नगरला सावेडीत लेकीकडे गेलो होतो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, २०२४ पासून. पण आमच्या पिढीच्या तोंडात नगरच बसलंय.) घरात एकच विषय चालू होता. नातीचं बी.पी.एड. झालंय आणि आता तिला पतियाळाला जाऊन कोचिंगचा डिप्लोमा करायचाय. जावयांचं म्हणणं, कुठेतरी शिक्षिका म्हणून चिकटावं, आणखी एक वर्ष आणि आणखी पैसे कशाला? बोलता बोलता ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आबा, तुम्हीच सांगा. कोच व्हायला कॉलेजात जावं लागतं का? तुम्ही बी.ए. मराठी. तरी तुमच्या मुली खो-खोत जिल्ह्यापर्यंत गेल्याच ना?"

मी चहा पीत राहिलो. नात माझ्याकडे बघत होती. उत्तर देता आलं नाही, कारण खरं उत्तर द्यायचं तर १९७९ सालची एक गोष्ट सांगावी लागली असती आणि ती मी आजवर घरातही धड सांगितलेली नाही. ती इथे सांगणार आहे, पण तिथपर्यंत जरा लांबच्या वाटेने येतो. वाट चुकली तर समजून घ्या, शेवटी मास्तर आहे.

माझं स्वतःचं शिक्षण आधी सांगतो. बी.ए.चं नव्हे, मैदानाचं. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. गावात मारुतीच्या देवळामागे तालीम होती. पत्र्याचं छप्पर, मध्ये हौद, हौदात लाल माती. मातीत तेल, हळद, ताक, लिंबू घालून ती मळायची. मी सातवीत असताना वडिलांनी तिथे नेऊन सोडलं. वस्ताद पूर्ण अंगठेबहाद्दर. पण पोराच्या चालीवरून त्याला कुठे दुखतंय ते ओळखायचे. त्यांचे वस्ताद कोल्हापूरला राहून आलेले, म्हणजे आमच्या तालमीतला एकेक डाव कोल्हापूरहून एका माणसाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात असा उतरत आलेला. पुस्तक नाही, वही नाही. घिस्सा कसा मारायचा हे ते सांगत नसत, मारून दाखवत. दहा वेळा आपण आपटलो की अकराव्यांदा आपल्याला कळायचं.

या शिक्षणाची ताकद मोठी होती. जत्रेतल्या हगाम्यात रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरुवात करून आमच्या तालमीतली दोन-तीन पोरं इनामाच्या मोठ्या कुस्त्यांपर्यंत पोचली. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही. वस्तादांच्या वस्तादांनी केलेली चूकही तशीच अंगातून अंगात उतरते. डाव उतरतो तशी. आणि डाव फसला तर लगेच कळतं, चूक वर्षानुवर्षं कळत नाही.

त्यातली एक म्हणजे पाणी. मेहनत चालू असताना पाणी प्यायचं नाही, हा आमच्याकडे जवळजवळ धर्म होता. "पाणी प्यालास की दम मेला," म्हणायचे. गळा सुकून जीभ टाळूला चिकटली तरी कोणी मडक्याकडे बघायचं नाही. बघणाऱ्याला पन्नास बैठका जास्त. (हा अडाणीपणा फक्त आपल्याकडचा होता असं समजू नका. परदेशातले कितीतरी प्रशिक्षक त्या काळात हेच सांगत.)

हायस्कुलात आम्हाला पी.टी.ला एक निवृत्त हवालदार होते. नगर म्हणजे लष्कराचं गाव, रणगाड्यांचं केंद्र. त्यामुळे जिल्ह्यातल्या शाळांना फौजेतून निवृत्त झालेले ड्रिल मास्तर सहज मिळायचे. त्यांचं शिक्षण परेड ग्राउंडवरचं. रांग, कवायत, आवाज. पोरगं रांगेत सरळ उभं राहिलं की त्यांचं काम झालं. ते पोर पळतं कसं, उडी कशी मारतं, हे बघण्याचं शिक्षण त्यांना कोणी दिलंच नव्हतं, तर ते बघणार कुठून?

आता थोडा इतिहास.

वस्ताद आणि हवालदार यांच्यापलीकडे 'शिकलेला व्यायामशिक्षक' ही तिसरी जात आपल्याकडे आली ती विसाव्या शतकात. मद्रासला १९२० साली वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज निघालं. ते काढणारे हॅरी क्रो बक अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला शिकलेले. शरीरशास्त्र, खेळांचे नियम आणि संघ बांधायची शिस्त हे सगळं ते तिथून घेऊन आले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला आपला संघ गेला तेव्हा व्यवस्थापक म्हणून तेच बरोबर होते.

महाराष्ट्रात मात्र वेगळीच खिचडी शिजली, आणि मला ती फार आवडते. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. आखाड्यातूनच उगवलेली ही संस्था पुढे शिक्षक तयार करू लागली आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या मंडळींनी तिकडे जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव होते. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं घालवलेला एक विद्यार्थी म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, पुढचे स्वामी कुवलयानंद. या माणसाचं शिक्षण बघा. अंग आखाड्यात घडलेलं, डोकं कॉलेजात. म्हणून योग शिकवताना त्यांना नुसतं 'गुरूंनी सांगितलं' एवढ्यावर राहवेना. १९२४ मध्ये त्यांनी उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं हे क्ष-किरण लावून पाहिलं! त्याच वर्षी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आखाडा आणि प्रयोगशाळा एका माणसात आल्या की काय होतं त्याचं हे उदाहरण. मुंबई सरकारने शाळांमधल्या शारीरिक शिक्षणाचा विचार सुरू केला तेव्हा त्यांचा सल्ला घेतला गेला, आणि १९३८ साली कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था निघाली. आपल्या जुन्या शाळांमधले 'कांदिवलीचे सर' तुमच्यापैकी कोणाला आठवतात का? पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, आणि हातात हजेरीखेरीज आणखी एक वही.

ती वही महत्त्वाची. का, ते सांगायला एक किस्सा आठवतो. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळत होती आणि त्यातल्या काहींच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जाणाऱ्या आहेत हे दोराबजींच्या लक्षात आलं. मग ऑलिंपिकला संघ पाठवायचा विचार निघाला. त्या वेळी समितीतल्या एका बड्या सभासदाला विचारलं गेलं की ऑलिंपिकला शंभर मीटरची वेळ साधारण किती लागते? त्याने सांगितलं, एक-दोन मिनिटं! इथे हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो, हे ऐकून तो थक्क झाला. दोराबजींनीच पुढे हे एका पत्रात लिहून ठेवलंय. पाय होते, दम होता, पैसाही उभा राहिला, पण मोजणारा माणूस नव्हता. तरी १९२० मध्ये संघ अँटवर्पला गेला आणि बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कोणाच्या प्रशिक्षणावर? म्हटलं तर कोणाच्याच नाही.

कुस्तीतही तेच. खाशाबा जाधव म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे. घरातच कुस्ती. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडनला गेले ते मातीतले पैलवान म्हणून. तिथे मॅट, तिथे गुण, तिथे वेगळेच नियम. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना थोडे दिवस तयार केलं आणि तेवढ्यावर ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या जाण्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच हेलसिंकीची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. जपानच्या इशीईशी लांबलेली लढत संपल्यावर त्यांना लगेच रशियन मल्लाशी उभं केलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी असा नियम होता. तो नियम वाचून, उभं राहून, "थांबा" म्हणणारा आपला एकही माणूस तिथे हजर नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगाने लढले आणि हरले.

दंडात ताकद भरणारे वस्ताद आपल्याकडे गावोगाव होते. नियमाचं पुस्तक काखेत धरून उभा राहणारा नव्हता.

(थोडं विषयांतर. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरी आपल्या नगरला वाडिया पार्कवर झाली. माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी. गादीवरच्या एका लढतीत पाठ टेकली की नाही यावरून केवढा गदारोळ झाला! पंचाला लाथ मारण्यापर्यंत प्रकरण गेलं, मल्लावर बंदी आली. माझ्या शेजारचे म्हातारे पैलवान म्हणाले, "मातीत बरं असतंय मास्तर, पाठीला लागलेली माती खोटं बोलत नाही." मला हसू आलं आणि पटलंही. पण ऑलिंपिकला माती नाही, त्याला काय करणार?)

आता १९७९.

मी १९७३ ला आमच्याच भागातल्या एका हायस्कुलात मराठीचा शिक्षक म्हणून लागलो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण यात दोष शाळेचा नाही. पी.टी.चा शिक्षक नव्हता. मुख्याध्यापकांनी विचारलं, "तालमीत जात होतात ना? मग घ्या मैदान." घेतलं. मला हौस होतीच. मुलींचा खो-खोचा संघ बांधला. त्या काळात आमच्या भागात मुली परकर-पोलक्यात खेळायच्या, आया बांधावरून बघायच्या आणि बाप बघत नाहीसं दाखवायचे. दोन-तीन वर्षांत संघ असा तयार झाला की तालुक्यात कोणी समोर टिकेना.

नववीतली एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. खांबापाशी वळताना तिचा पाय जमिनीला लागलेला दिसायचा नाही इतकी चपळ. दोन कोसांवरच्या वस्तीवरून चालत यायची. जिल्ह्याच्या सामन्यांना दहा-बारा दिवस राहिले होते. दुपारी शाळा सुटल्यावर मी सराव ठेवला. ऊन मी म्हणत होतं. तासाभराने ती म्हणाली, "सर, पाणी." मी म्हणालो, "दम मरंल. आणखी दोन डाव, मग पी." पंधरा मिनिटांनी पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच. माझा आवाज चढला होता हे मला आठवतं. तिसऱ्या वेळी ती काही म्हणालीच नाही, खो घ्यायला उठली आणि तोंडावर पडली. डोळे फिरले, दातखिळी बसली. आम्ही तिला उचलून झाडाखाली आणलं, पाणी मारलं, मग कोणाच्या तरी जीपमधून दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी बरी होऊन घरी गेली.

ते नवरात्राचे दिवस होते. तिला नऊ दिवसांचे कडक उपवास होते. हे संघातल्या सगळ्या पोरींना माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. भांडले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, पोरगी वाचली, लई झालं. आता शाळा नको." मी दोनदा वस्तीवर जाऊन आलो. एकदा मुख्याध्यापकांना घेऊन गेलो. चहा पाजला आणि परत पाठवलं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी लग्नाला गेलो नाही.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केलाय, आणि माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी. वस्तादांकडून मी पाण्याचा नियम उचलला होता. पण आमचे वस्ताद आणखी एक गोष्ट रोज करायचे. पहाटे पोरगं तालमीत शिरलं की आधी विचारायचे, "रात्री काय खाल्लंस?" ज्वारीची भाकरी आणि नुसतं तिखट असं उत्तर आलं की त्या दिवशी त्याला निम्म्यावर सोडायचे, आणि कधीकधी घरून ताक आणून पाजायचे. तो प्रश्न मी उचलला नाही. हुकूम तेवढा उचलला. बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाला वाटलं, विचारपूस हा वस्तादांचा स्वभाव आणि नियम ही त्यांची विद्या. झालं होतं नेमकं उलट.

दोन वर्षांनी शाळेला रीतसर शारीरिक शिक्षक मिळाले. अमरावतीला शिकून आलेले, विदर्भातले. पहिल्याच दिवशी त्यांनी मैदानाच्या कडेला पाण्याचा माठ ठेवला, आणि मी दचकलो. मी त्यांना हळूच म्हणालो, "आमच्याकडे मेहनतीत पाणी देत नाहीत." ते म्हणाले, "सर, औत हाकून आलेल्या बैलाला पाणी दाखवता की नाही?" पुढे त्यांनी मला घाम, क्षार, रक्त घट्ट होणं, शरीराचा ताप वाढणं हे सगळं खडूने फळ्यावर काढून समजावलं. पस्तिशीजवळ आलेला मी, आठवीच्या बाकावर बसून ते ऐकत होतो आणि डोळ्यांपुढे ती मुलगी होती.

पदवीने त्यांना नेमकं काय दिलं होतं? माहिती दिली हे तर खरंच. पण मला वाटतं, त्याहून मोठं म्हणजे स्वतःच्या गुरूचं तपासून बघायची सवय दिली. तेही लहानपणी आखाड्यातच वाढलेले होते, त्यांनाही 'पाणी नको' हेच शिकवलेलं होतं. कॉलेजात त्यांनी ते खोडलं. मला खोडायला कोणी शिकवलंच नव्हतं. मराठीच्या वर्गात आम्ही कवितेचे तीन-तीन अर्थ लावायचो, पण मैदानावर वस्तादांच्या एका वाक्याचा दुसरा अर्थ लावायची माझी छाती झाली नाही.

पण म्हणून त्यांना सगळं कळत होतं असंही नाही हो. त्यांनी मुलांची उंची-वजनं वहीत लिहिली, बारा आठवड्यांचा सरावाचा तक्ता काढून भिंतीला लावला. सुरेख तक्ता. दिवाळी झाली आणि निम्मा संघ गायब! आमच्या भागातली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोरं आईबापांबरोबर बैलगाडीत बसून. हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सर फार चिडले, मग खचले. मी त्यांना वस्तादांकडे घेऊन गेलो. वस्ताद तेव्हा थकले होते. तक्त्याचं ऐकून म्हणाले, "पोरं घरी असत्यात तवा मेहनत घ्या की. आखाड ते दसरा. देवानं दुसरा टाइम दिलाच न्हाई आपल्याला." पुढच्या वर्षी सरांनी तक्ता फाडला, पावसाळ्यापासून सराव सुरू केला आणि वाड्यावस्त्यांवर जाऊन प्रत्येकाच्या घरी काय शिजतं ते बघून आले. ती उंची-वजनाची वही तीच, तिच्यात एक रकाना वाढला. मी तो वाचलाय. 'दूध नाही', 'एक वेळ', 'शेळी आहे' अशा नोंदी होत्या.

आपल्या जिल्ह्यातलंच एक मोठं उदाहरण सांगतो, मग आवरतं घेतो. श्रीरामपूरचा झहीर खान. १९७८ चा जन्म. श्रीरामपुरात तेव्हा वेगवान गोलंदाज तयार करायची काय सोय होती? आधी तो मुंबईला गेला, सुधीर नाईकांच्या नॅशनल क्रिकेट क्लबात. तिथून चेन्नईच्या एम.आर.एफ. पेस फाउंडेशनमध्ये. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत शिकवायला होते ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली. आता लिली कुठे शिकले ते बघा. १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांच्या पाठीच्या मणक्यांना तडे गेले. कारकीर्द संपली असं लोक धरून चालले होते. प्लास्टरमध्ये काही आठवडे काढल्यावर वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या डॉ. फ्रँक पाइक यांच्या देखरेखीखाली त्यांनी शरीर पुन्हा उभं केलं, गोलंदाजीची शैली सुधारून घेतली आणि १९७४-७५ च्या मालिकेत इंग्लंडची दाणादाण उडवली. म्हणजे पर्थच्या एका प्राध्यापकाचं शरीरशास्त्र लिलींच्या मणक्यातून चेन्नईला पोचलं, आणि तिथून आपल्या श्रीरामपूरच्या पोराच्या खांद्यात. झहीरने पुढे ९२ कसोटींत ३११ बळी घेतले, २०११ च्या विश्वचषकात २१. बाकीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला यात एवढंच दिसतं, की लिलींना आपली पाठ मोडण्याचं कारण कळलं होतं. नुसती मोडून नुसती बरी झाली असती तर त्यांनीही पोरांना "दुखलं तरी टाक" एवढंच सांगितलं असतं.

आणि तरीही आचरेकर सरांचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. रमाकांत आचरेकर स्टेट बँकेत नोकरीला, प्रथम श्रेणीचा सामना आयुष्यात एकच खेळलेले. त्यांचं सगळं शिक्षण मुंबईच्या क्लब क्रिकेटमधलं. म्हणून त्यांची पद्धतही तीच, सामने आणि आणखी सामने. सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. लपून खेळ बघायचे आणि चुका कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवायचे. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांचेच शिष्य प्रवीण आमरे, आणि आमऱ्यांच्या हाताखाली तयार झालेला अजिंक्य रहाणे, जन्माने आपल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. (पुरस्काराला द्रोणाचार्यांचंच नाव का दिलं असेल, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. एकलव्याचा अंगठा मराठीच्या मास्तराला विसरता येत नाही.) पण चिठोऱ्यावर चूक लिहून ठेवणारा माणूस मला कांदिवलीच्या सरांच्या वहीचाच भाऊबंद वाटतो. पदवी नसेल, पण बघणं आणि लिहून ठेवणं होतं.

आमच्या शेजारच्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळेही घ्या. शाळेला पळत जाणारं पोर, फौजेत गेलं. तिथे अमरीश कुमार या लष्करी प्रशिक्षकाने त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. मधे तो बेलारूसच्या निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे होता, मोठं नाव, पण ती मेहनत त्याच्या अंगाला मानवेना, म्हणून तो पुन्हा अमरीश कुमारांकडे आला. पुढे अमेरिकन स्कॉट सिमन्स यांच्याकडेही शिकला. २०२२ ला राष्ट्रकुलात रौप्य, ८ मिनिटं ११.२० सेकंद. एकाच पोराने तीन देशांतल्या तीन विद्या अंगावर घालून पाहिल्या, आणि कुठली आपल्याला होते ते स्वतः ठरवलं. आमच्या वेळी वस्ताद बदलणं म्हणजे बाप बदलण्यासारखं होतं.

नातीला मी त्या दिवशी काहीच बोललो नाही. दोन दिवसांनी फोन केला आणि ती १९७९ ची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, सगळी. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलंन, "आबा, त्या आजी आता कुठे असतात?" मला माहीत नाही, असं म्हणालो. खरं तर सासरचं गाव मला माहीत आहे. एस.टी.ने तासाभराचा रस्ता. इतक्या वर्षांत तिकडची गाडी धरली नाही.

जावयांना मी सांगितलंय की पतियाळाची फी निम्मी माझ्या पेन्शनमधून जाईल. ते "बघू" म्हणालेत. १९६१ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेत एके काळी हॉकी शिकवायला खुद्द ध्यानचंद होते, हेही ऐकवलं. त्यांनी फारशी शाळा केलेली नव्हती, असं जावई लगेच म्हणाले. वादात ते मला हार जाणारे नाहीत.

नात मात्र तयारीला लागलीय. काल तिने सरावाच्या वहीचा एक नमुना मोबाइलवर पाठवला आणि लिहिलं, मराठी तपासून द्या. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. शेवटी एक रकाना मी माझ्या हाताने वाढवला, 'आज काय खाल्लं?' ठेवते की काढते ते बघायचं.

तुमच्या शाळेतले पी.टी.चे सर किंवा बाई आठवत असतील, आणि त्या कुठे शिकल्या होत्या हे ठाऊक असेल, तर जरूर कळवा. कांदिवलीच्या वहीची एखादी प्रत कोणाच्या माळ्यावर असली तर फारच बरं.